श्रद्धेच्या उलट काय?

‘फेथ’ या इंग्रजी शब्दाला विरुद्धार्थी म्हणून ‘डाउट’, ‘डिसबिलीफ’ आणि ‘अनबिलीफ’ हे तीन शब्द सहज पुढे येतात. परंतु त्यांतून एकाची निवड करणे हे निव्वळ भाषेचे काम राहत नाही, कारण विरोधी शब्द ठरवताना श्रद्धा म्हणजे काय हेही नकळत ठरून जाते. श्रद्धा म्हणजे एखादे विधान खरे मानणे असेल, तर तिच्या उलट ‘डिसबिलीफ’, म्हणजे ते खोटे ठरवणे. ती निःशंकता असेल, तर ‘डाउट’, म्हणजे संशय. आणि ती देवावर भार टाकणे असेल, तर ‘अनबिलीफ’, म्हणजे तो भार टाकता न येणे.

मार्कच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आपला विश्वास असल्याचे येशूला सांगतो आणि लागलीच आपल्या अविश्वासावर उपाय मागतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात येथे ‘अनबिलीफ’ हा शब्द आहे. त्या जागी ‘डिसबिलीफ’ घातला, तर बापाचे बोलणे वदतोव्याघात, म्हणजे स्वतःच स्वतःला खोडणारे, ठरेल. उलट भार टाकूनही मन पुरते निर्धास्त न होणे हा तर नित्याचा अनुभव आहे. संस्कृत वैयाकरणांनी ‘नञ्’चे, म्हणजे नकारवाचक ‘अ’ किंवा ‘अन्’चे, जे सहा अर्थ सांगितले आहेत, त्यांत अभाव आणि विरोध यांच्याबरोबर अल्पताही येते, आणि म्हणून ‘अनुदरा कन्या’ ही पोट नसलेली मुलगी नसून बारीक पोटाची मुलगी असते. त्या बापाचा अविश्वास याच जातीचा आहे. (मराठीत मात्र हा शब्द आता सभागृहातील ठरावाला इतका चिकटला आहे की, त्यात ही छटा ऐकू येणे कठीण.)

टी. एच. हक्स्लीची निवड याहून धीट होती. १८६९ मध्ये लंडनच्या मेटाफिजिकल सोसायटीत प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या ‘वादा’चा असताना त्याने स्वतःसाठी ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द घडवला, आणि तो ‘थीइस्ट’ म्हणजे ईश्वरवादी याच्या उलट न बेतता ‘नॉस्टिक’ या शब्दाच्या, म्हणजे गूढ ज्ञान लाभल्याचा दावा करणाऱ्या प्राचीन पंथीयांच्या, उलट बेतला. त्यामुळे वाद ईश्वर आहे की नाही यावरून हलून, ते कळल्याचे कोण कशाच्या आधारे म्हणतो, यावर आला. मराठीत रूढ झालेला ‘अज्ञेयवाद’ हा शब्द हक्स्लीपेक्षा हर्बर्ट स्पेन्सरला अधिक जवळचा आहे, कारण १८६२ च्या आपल्या ग्रंथात स्पेन्सरने अंतिम तत्त्वच अज्ञेय, म्हणजे जाणता न येणारे, मानले होते. आणि आगरकरांच्या पिढीने स्पेन्सर आवडीने वाचला होता, हे पाहता त्यात नवल नाही. हक्स्लीचा नकार जाणल्याचे सांगणाऱ्याला होता. मराठी शब्दातला ‘अ’ मात्र जाणायच्या वस्तूलाच जाऊन चिकटला आहे.