पाचशे पंचवीस पट

लालबागच्या एका चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाने २०२२ च्या शिलकीतून पोरांसाठी दुर्बीण घेतली. खोक्यावर कड्यांचा शनी छापलेला आणि त्याखाली ठळक आकडा: ५२५ पट. तेवढ्याच पैशांची आणखी एक दुर्बीण दुकानात होती. तिच्यावर भिंग किती मिलिमीटरचं आणि स्टँड कसलं, एवढंच लिहिलेलं. सेक्रेटरींनी मोठा आकडा उचलला. ज्या वस्तीत गणपतीची उंची फुटांत सांगायची रीत आहे, तिथे दुसरं काय होणार? शिवाय पैसा वर्गणीचा. चार लोकांना सांगता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं, आणि त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता.

पहिल्या रात्री गच्चीवर अख्खी चाळ लोटली. सेक्रेटरींनी पुस्तिका वाचून सगळ्यांत जास्त पट देणारा आयपीस लावला, त्याच्या आत पट आणखी वाढवणारा बार्लोही घातला आणि नळी चंद्राकडे वळवली. ज्याने त्याने डोळा लावला आणि एक राखाडी, थरथरणारा डाग बघितला. फोकसच्या चाकाला बोट लागलं की डाग उडी मारायचा. तो स्थिर होईपर्यंत चंद्राचा तो तुकडा सरकलेला असायचा. पोरं कंटाळून खाली गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग निकाल लागला: मुंबईच्या आकाशात काही दिसत नाही, एवढे दिवे आणि एवढी धूळ. दुर्बीण मंडळाच्या खोलीतल्या माळ्यावर गेली, ढोल-ताशांशेजारी.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने तिची आठवण काढली. आठवीतली पोर. शाळेबरोबर वरळीला नेहरू तारांगणात जाऊन आल्यापासून तिच्या डोक्यात शनी बसला होता. तिने किल्ली मागितली, खोकं उतरवलं आणि सरळ नानांच्या खोलीत आणून ठेवलं. त्या चाळीत काही बिघडलं की नानांकडेच जायचं. नाना ऐंशीच्या घरातले, १९८२ च्या संपापर्यंत गिरणीच्या साचेखात्यात जॉबर होते. दुर्बिणीला त्यांनी जन्मात डोळा लावला नव्हता.

नानांनी आकाशाचं नावही काढलं नाही. दुर्बीण जमिनीवर उभी केली, अॅल्युमिनियमचे पाय पूर्ण ओढले आणि नळीच्या टोकाला बोटाने टिचकी मारली.

“मोज.”

मुलीने मोजलं. सहा म्हणेपर्यंत नळीचं टोक थरथरत होतं. नानांनी पाय अर्धे आत ढकलले, ते फाकवून मधल्या तबकाला दोरीने वीट लटकवली आणि पुन्हा टिचकी मारली. आता दोनातच थांबलं.

“नळी बरी आहे, बाय. पाय खोटे आहेत. साच्याचा पाय ढिला असला की कापडात खोट येते. म्हणून कोणी साचा बदलत नाही. आधी पायाखाली पॅकिंग द्यायचं, मग बघायचं.”

मग त्यांनी वर्तमानपत्रावर आयपीस मांडायला लावले. ४ मिलिमीटरचा, साडेबाराचा आणि २० चा. नळीवर लिहिलेलं होतं: भिंग ६० मिलिमीटर, फोकल लेंथ ७००. गणित मुलीला पुस्तिकेतून कळलं होतं. फोकल लेंथला आयपीसच्या आकड्याने भागायचं. २० चा लावला तर ३५ पट, साडेबाराचा लावला तर ५६, चारचा लावला तर १७५. त्यात तीनपटीचा बार्लो घातला की झाले ५२५.

“आणि भिंग तेच?” नानांनी विचारलं.

“तेच.”

“म्हणजे उजेडही तेवढाच. चित्र मात्र केवढं ताणलं?”

मुलीने वहीच्या मागच्या पानावर मांडलं. ५२५ भागिले ३५ म्हणजे १५. पंधरा पट लांब आणि पंधरा पट रुंद. तोच उजेड सव्वादोनशे पट जागेवर पसरायचा. ती तो आकडा बघतच राहिली. वर्षभर चाळीने ज्याला मुंबईचं आकाश म्हणून नावं ठेवली होती, तो हा भागाकार होता.

खरेदीला निघालेल्या प्रत्येकाने इथे थांबून हे मनात पक्कं करावं, असं मला कळकळीने वाटतं. कुठल्याही नळीला बारीक आयपीस आणि बार्लो लावून पाहिजे तेवढे पट काढता येतात, म्हणून खोक्यावर काहीही छापता येतं. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि त्याची दुप्पट करावी. कामाचे पट जास्तीत जास्त तेवढेच, तेही हवा स्थिर असेल तर. ६० च्या भिंगाला १२०. शिवाय पट वाढले की नळीतून दिसणारा आकाशाचा तुकडा लहान होतो आणि पृथ्वीचं फिरणंही तितक्याच पटींनी मोठं होतं. ३५ पटींत ग्रह चार मिनिटं तरी डोळ्यासमोर राहतो. ५२५ पटींत वीसेक सेकंदांत निघून जातो. तेवढ्या वेळात लहान पोराला स्टुलावर चढताही येत नाही.

आणि ३५ पट म्हणजे थोडके नव्हेत. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीने पाहिले. २०२३ च्या त्या नोव्हेंबरात गुरू पृथ्वीच्या जवळ आलेला होता. ३५ पटींत तो जवळजवळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसत होता. डोळा लावणाऱ्याला हे पटत नाही, कारण काळ्या वर्तुळात मापाला शेजारी काही नसतं.

नानांनी आठवडाभर खपून आरासीच्या जुन्या चौकटीचं लाकूड आणि प्लाय जोडून स्टँड केलं. बुटकं, जड, स्टुलावर बसून बघता येईल असं. नळीचा पाळणा फिरतो तिथे खाली सनमायका आणि वर नागदेवीच्या बाजारातून आणलेल्या टेफ्लॉनच्या चकत्या. बोटाने ढकललं की सरकायचं, बोट काढलं की जागीच थांबायचं. टिचकी मारली तर मोजायला एकही आकडा लागेना.

२० नोव्हेंबर, कार्तिक शुद्ध अष्टमी. अर्धा चंद्र दक्षिणेला उंच आणि शनी त्याच्या अगदी जवळ. मुलीने २० चा आयपीस लावला. आधी चंद्र. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा अशा उठून दिसत होत्या की पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “हे तर तव्यावरचं आंबोळीचं जाळं!” मग तिने नळी शनीकडे वळवली आणि सेक्रेटरींना बोलावलं.

“एवढासाच?” ते म्हणाले.

एवढासाच होता. ३५ पटींत शनी कड्यांसकट नुसत्या डोळ्यांच्या चंद्राएवढाही होत नाही, आणि त्या वर्षी कडी बरीच आडवी झालेली. फिकट पिवळा ठिपका, त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक, धारदार रेघ. पण तो ठिपका हलत नव्हता, डागाळत नव्हता. सेक्रेटरी स्टुलावरून उठेनात. मागून पोरं ओरडायला लागली तेव्हा कुठे त्यांनी जागा दिली, आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले. नंतर साडेबाराचा लावला. ५६ पटींत कड्याचे दोन कान स्पष्ट झाले. चारचा आयपीसही मुलीने एकदा लावून दाखवला, मुद्दाम. त्याचं छिद्र इतकं बारीक की पापणी काचेला घासायची. चष्मेवाल्यांना तर काहीच दिसलं नाही. बार्लो खिशातच राहिला.

डिसेंबरच्या बैठकीत २०२३ च्या शिलकीचा विषय निघाला. तेरा हजार. आता मोठी दुर्बीण घ्यायचीच, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सेक्रेटरींनी बैठकीतूनच दुकानात फोन लावला. पलीकडून पटींचा आकडा आला असावा, कारण ते म्हणाले, “ते राहू द्या. आरसा किती मिलिमीटरचा आणि तो उभा कशावर राहतो, ते सांगा.” उत्तर ऐकून त्यांनी कागदावर लिहिलं आणि मुलीकडे सरकवलं. तिने हिशोब केला. १३० मिलिमीटरचा आरसा म्हणजे ६० च्या भिंगाच्या पावणेपाच पट उजेड, पण चांगल्या स्टँडसह तो तेरा हजारांत बसत नव्हता. बसत होता तो डुगडुगत्या स्टँडवरचा, वर पटींचा मोठा आकडा असलेला.

“तो घेऊन टाकू,” एकजण म्हणाला, “देणगीदारांना दाखवायला काही मोठं नको?”

“देणगीदारांना गच्चीवर बोलवा,” नाना म्हणाले.

मुलीने यादी वाचली. दहा मिलिमीटरचा एक प्लॉसल आयपीस, चार भिंगांचा, म्हणजे ७० पट मिळतील आणि चष्मा लावूनही थोडंफार बघता येईल. त्याची नळी सव्वा इंची आहे, ती पुढे कुठल्याही मोठ्या दुर्बिणीला बसेल. १० बाय ५० ची एक द्विनेत्री, रांगेत उभं राहणाऱ्यांच्या हातात द्यायला. तिच्यातून कृत्तिकांत डझनावारी तारे दिसतात, अगदी लालबागच्या गच्चीवरूनही. पोरांची वांगणीची तिकिटं. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे होत आले आहेत. मुंबईतून न दिसणारं आकाश एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मोठी दुर्बीण कशासाठी हवी, हे पोरांना कळणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. उरलेले पैसे आरशासाठी बाजूला.

“आरसा तयारच घ्यायला पाहिजे असं नाही,” ती म्हणाली. “पुण्याला आयुका म्हणून खगोलशास्त्राची संस्था आहे, तिथे कार्यशाळा झाल्यात. लोकांनी सहा इंचांचे आरसे स्वतः घासलेत.”

“हाताने?” नाना खुर्चीत पुढे सरकले. “काचेवर काच घासून? किती बारीक लागतो माल?”

ती सांगू लागली, आणि बैठक पाऊण तास लांबली.

यादी मंजूर झाली. दुर्बीण माळ्यावर ठेवायची नाही, पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून ऑफिसच्या गोदरेजच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, हेही वहीत लिहिलं गेलं. कपाटाची किल्ली मुलीकडे. स्टँड फार जड झालं होतं, म्हणून ते गच्चीवर नेण्या-आणण्याच्या पाळ्या मजल्याप्रमाणे लावल्या. पहिली पाळी सेक्रेटरींनी स्वतःच्या नावावर लिहिली.