अवयवी, संयोग आणि टायटॅनियमचा बोल्ट

अनेक अवयव जोडून जे उभे राहते ते खरोखर एक असते की नुसती अनेकांची रास, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. वैशेषिकांनी अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळे असे समग्र द्रव्य, मानले; बौद्धांनी ते नाकारले.

हा वाद प्रत्यक्ष रचनांवर तपासून पाहता येतो. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याची उभारणी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० मध्ये सुरू झाली. त्याच्या तटाचे अजस्र चिरे सांध्यांत चुना न भरता एकमेकांवर रचलेले असून, भरतीची लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर विखुरतो. येथे चिऱ्यांचा संयोग, म्हणजे दोन द्रव्यांचा सुटू शकणारा संबंध, गुरुत्वाने म्हणजेच वजनाने टिकतो; लाट सोसण्याचे सामर्थ्य मात्र कोणत्याही एका चिऱ्याचे नसून रचनेचे आहे, आणि एवढ्यापुरते वैशेषिकांचे म्हणणे मान्य करावेच लागते.

विमानाला वजनाचा हा आधार घेता येत नाही. तेथे वजन हाच शत्रू असतो. म्हणून सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम असलेले टायटॅनियमचा मिश्रधातू बोल्टसाठी वापरतात. त्याची घनता पोलादाच्या सुमारे ५६ टक्के असते, तर उष्णता-संस्कार केलेल्या बोल्टची ताणशक्ती, म्हणजे तुटेपर्यंत ओढ सोसण्याची क्षमता, सुमारे १,१०० मेगापास्कल भरते. परंतु जोड टिकतो तो केवळ या कणखरपणामुळे नव्हे. नट आवळताना बोल्ट किंचित लांबतो, मूळ लांबीकडे परतू पाहतो आणि त्या ओढीने पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. वैशेषिकांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी गुणांमध्ये गणलेला स्थितिस्थापक संस्कार, म्हणजे वाकवलेल्या वा ताणलेल्या वस्तूला पूर्वस्थितीस नेणारा गुण, तो हाच. टायटॅनियमची ताठरता पोलादाच्या जवळपास निम्मी असल्याने तेवढ्याच ओढीने त्याचा बोल्ट दुपटीच्या आसपास लांबतो, आणि पत्रे थोडे दबून बसले तरी पकड तितकी सैल होत नाही.

बौद्धांचा आक्षेप मात्र येथे पुन्हा उभा राहतो, कारण कंपनाने नट ढिला होतो, वारंवारच्या भाराने आट्यांच्या मुळाशी सूक्ष्म तडा वाढतो, आणि जे एक दिसत होते ते क्षणोक्षणी राखले जात होते हे उघड होते. तरीही या आक्षेपाने अवयवी खोटा ठरत नाही. वैशेषिकांनीच तंतुसंयोगाला वस्त्राचे असमवायी कारण, म्हणजे घटक द्रव्यांत राहून कार्य घडवणारे कारण, म्हटले असून, तो संयोग नष्ट झाला की वस्त्रही नष्ट होते, हे त्यांना मान्य होते.