मागे राहिलेल्या गाडीसाठी

शास्त्रपाठ : गणना 7:1-9, 12:1-15

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही कंग्राळीची काही कुटुंबे भाड्याच्या गाडीने निपाणीस उपासनेला निघालो होतो. संकेश्वराच्या अलीकडे चालकाने चहासाठी गाडी थांबवली. समोर, रस्त्याच्या कडेला, उसाने भरलेल्या चार बैलगाड्या उभ्या होत्या. त्यांपैकी एकीचे टायर फुटले होते.

ही माणसे बीडकडची. दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून, संसार गाडीत घालून ती उसाच्या मुलखात येतात व गळीत हंगाम संपेपर्यंत कोपीत राहतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल टनावारी मजुरीतून फिटायची असते. त्यामुळे वाटेत गाडी मोडली की नुसता खोळंबा होत नाही. ऊस वाळतो, वजन घटते, कारखान्याच्या काट्यावरचा नंबर मागे पडतो.

त्यांनी बैल सोडले, चाकांना दगड लावले, अर्ध्या मोळ्या उतरवल्या. जॅक नव्हता. दोघांनी पहारेने गाडी उचलून धरली, तिसऱ्याने खाली टेकू सरकवला. मागच्या गाडीवाल्याने आपल्याजवळची ट्यूब काढून दिली. आम्ही चहाचे पेले हातात धरून पाहत होतो. रस्ता ओलांडून हात लावायला आमच्यापैकी कोणी उठले नाही. अखेर आमच्यातील एका वडीलधाऱ्यांनी जाऊन विचारले, "तुम्ही बाकीचे पुढे का नाही गेलात? नंबर जाईल ना?" तो म्हणाला, "एकट्याला सोडून कसं जावं, दादा? उद्या माझं टायर फुटलं मंग?"

त्या दिवशी आम्ही उपासनेला वेळेवर पोहोचलो. मात्र खरा उपदेश रस्त्यावरच झाला होता.

रानातून चाललेले इस्राएल लोक हाही एक मोठा तांडाच होता. मिर्यामेने मोशेविरुद्ध बोलून पाप केले, तिला कोड फुटले आणि सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवण्यात आले. चूक तिचीच होती. तरीही शास्त्र सांगते की, तिला परत आत आणीपर्यंत लोकांनी पुढे कूच केले नाही. वचनदत्त देशाकडे निघालेली सारी मंडळी एका बाईसाठी सात दिवस थांबली! त्या दिवसांत तांडा एक पाऊलही पुढे गेला नाही, पण तांडा फुटलाही नाही.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. सरदारांनी निवासमंडपाच्या सेवेसाठी सहा झाकलेल्या गाड्या व बारा बैल आणले. मोशेने ते सारखे वाटले नाहीत. पडदे वाहणाऱ्या गेर्षोन्यांना त्याने दोन गाड्या व चार बैल दिले. फळ्या, खांब व बैठका वाहणाऱ्या मरारींना चार गाड्या व आठ बैल. ज्याचे ओझे जड, त्याला बैल अधिक. आपल्या मंडळ्यांत मात्र पुष्कळदा उलटे घडते. जो बळकट त्याच्याभोवती सारे जमतात आणि ज्याचे चाक मोडले तो एकटा पडतो.

प्रियहो, आपल्या मंडळीत कोणाचे चाक मोडले आहे? दारूपायी ज्या घराची घडी विस्कटली, ते कुटुंब कधीपासून उपासनेला आले नाही? "त्यांचेच चुकले," असे म्हणून आपण पुढे गेलो काय? रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनो, पाठ पुरा करण्याच्या घाईत जे लेकरू मागे राहते, त्याच्यासाठी वर्ग कधी थांबतो काय? आणि हंगामात आपल्याच शिवारात उतरणाऱ्या कोपींतल्या मुलांची शाळा दरवर्षी अर्ध्यावर सुटते, हे आपण कधी जाऊन विचारले काय?

दुरुस्तीसाठी थांबणे म्हणजे प्रवास वाया जाणे नव्हे. आपला प्रभू तर हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव सोडून गेला. या आठवड्यात मागे राहिलेल्या एका तरी घरी जाऊ या. जाताना उपदेश न नेता हात नेऊ या.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आम्ही दुरून पाहत राहिलो, याची क्षमा कर. थांबण्याचे धैर्य व उचलून धरण्याचे बळ आम्हांस दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.