भरतीची वेळ, बाळाची झोप

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन डहाणू-बोर्डीला दोन-तीन दिवस निवांत राहायचं असेल, तर खोली बघण्याआधी पंचांग बघावं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. मुंबईच्या उत्तरेला इकडे थोडा उशीरच धरायचा. अष्टमीच्या आसपास गेलात तर पोर दुपारची झोप काढून उठतं तेव्हा नेमकं पाणी वर चढलेलं असतं. अमावास्येच्या आगेमागे गेलात तर भरती येते ती बाळ झोपलेलं असताना, आणि पाचनंतर सगळा किनारा त्याच्यासाठी मोकळा होतो. बोर्डीचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि मागे उरते ती ओली, घट्ट, काळपट वाळू, नुकत्याच चालू लागलेल्या पायांना पेलणारी. मात्र हेच दिवस उधाणाचेही असतात. ओहोटी संपून पाणी फिरलं की भरभर चढतं. तेव्हा फार आत जायचं नाही आणि मूल हाताच्या अंतरावरच हवं.

मी निवडते ते दिवस पितृपक्षाच्या शेवटाचे, सर्वपित्री अमावास्येच्या अलीकडचे. घरातली श्राद्धतिथी सांभाळून निघायचं. आपल्याकडे या पंधरवड्यात कोणी हौसेनं बाहेर पडत नाही, त्यामुळे डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी या किनाऱ्यावर उसळणारी मुंबई-गुजरातची गर्दी तेव्हा नसते. पावसाचा जोर बहुधा ओसरलेला असतो, पण एखादी सर येतेच. सुरूच्या झाडांखाली ती कधी थांबते याची वाट बघत बसण्यात लहान मुलाचा अर्धा तास सुखात जातो. 2013 पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येते. गर्दीची वेळ टाळली तर गाडीपेक्षा ती मुलाला जास्त मानवते. असा आडवेळचा प्रवास घराला करता येतो तो मूल शाळेत जायला लागेपर्यंतच. पुढे दहा-बारा वर्षं सुट्ट्या शाळा ठरवते, आणि सगळ्या महाराष्ट्राला त्या एकदमच मिळतात.

एवढं जमवून आणल्यावर मोह होतो तो यादी करण्याचा. विवळवेढ्याची महालक्ष्मी, गंजाडकडे वारली चित्रं, घोलवडच्या चिकूच्या वाड्या, पलीकडे उदवाड्याला पारशांचं अग्निमंदिर इराणशहा. सगळं बघण्याजोगं आहे, आणि दोन वर्षांच्या मुलाबरोबर यातलं एका दिवशी एकच काही होतं, किंवा काहीच होत नाही.

माझ्या नातीला आम्ही झाईला घेऊन जाणार होतो. तलासरी तालुक्याचा समुद्र तिथं आहे, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं मच्छीमारांचं गाव. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, होड्या कामाला लागलेल्या. तिला होड्या दाखवायच्या असा आमचा बेत. पण बोर्डीच्या वाळूवर इवल्याशा खेकड्यांनी बिळांभोवती बारीक गोळ्या मांडून ठेवल्या होत्या. ती उकिडवी बसली. एक गोळी तिनं चिमटीत धरली, ती विस्कटली. दुसरी धरली, तीही विस्कटली. मग तिनं हात गुडघ्यांवर ठेवला आणि बिळाकडे बघत राहिली. खेकडा बाहेर आला, तिचा पाय हलला, खेकडा आत. ती पुन्हा थांबली, या वेळी न हलता. झाई त्या दिवशी झाली नाही, आणि कोणालाही त्याची रुखरुख वाटली नाही.

मुलाच्या अशा तंद्रीला मान देण्याची रीत महाराष्ट्राला याच मातीत मिळाली, म्हणून मला इथं येणं मोलाचं वाटतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेतली आणि त्यांतूनच मोजणं, रंग ओळखणं, लहान-मोठं लावणं शिकवलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात तेव्हा ती कुरणात नेली. मूल जिथं आहे तिथं मोठ्यांनी जायचं, त्याच्या हाताशी जे आहे त्यातच धडा शोधायचा. 1975 पासून देशभर उभ्या राहिलेल्या अंगणवाड्यांमागे हा अनुभव आहे. आम्ही शहरातली माणसं मात्र मुलाला उचलून, बूट चढवून, आम्हाला दाखवायचं आहे तिथं नेत राहतो आणि ते रडलं की प्रवासाला दोष देतो.

म्हणून बेत आखायचा तो कमी करत आणायचा. मुक्काम एकच, आणि तो डहाणू गावाच्या जवळ, म्हणजे रात्री ताप आला तर डॉक्टर लांब पडणार नाही. जेवण घरच्यासारखं, मऊ भात आणि वरण, ते आधी विचारूनच खोली घ्यायची. डासांची जाळी बरोबर हवी. आई, बाप, आजी यांपैकी एकानं रोज दुपारी पाळीपाळीनं खरोखर झोपायचं. नाहीतर विश्रांती म्हणून निघालेलं घर दमून परत येतं, आणि बहुतेक वेळा त्यात आईच सगळ्यात जास्त दमलेली असते.

आपल्याला हे दिवस रिकामे वाटतात, इथल्यांना नाही. तलासरीकडच्या पाड्यांवर हळवं भात पिकत आलेलं असतं, कोळणी पहाटे बाजार गाठतात. मुलाला हेही दिसावं. आणि हा किनारा असा राहील असं गृहीत धरता येत नाही. 1991 च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं 1996 मध्ये त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींनी ते आयुष्याच्या शेवटापर्यंत सांभाळलं. 1998 साली याच प्राधिकरणानं तालुक्यातल्या वाढवणचं नियोजित बंदर नाकारलं होतं, 2023 मध्ये त्यानंच संमती दिली आणि 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली. मच्छीमार अजून विरोधात आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. समुद्रावर त्यांचं पोट आहे. आमची मुलं तिथं चार दिवस खेळतात ती त्यांच्या किनाऱ्यावर, त्यांनी तो राखला म्हणून.