वेळ आली होती, असं म्हणण्याआधी

चार वर्षांपूर्वीची डिसेंबरमधली रात्र. मित्राच्या भावाची हळद उरकून आम्ही तिघं एकाच गाडीवर परत येत होतो. गाडी मी चालवत होतो. वय वीस, खिशात लायसन, डोक्यावर काही नाही. बाजार समितीच्या चौकाच्या अलीकडे फोन थरथरला. मी तो वरच्या खिशातून काढला आणि बघितला. कुणाचा मेसेज होता तेही आता आठवत नाही.

मान वर केली तेव्हा समोर एक म्हातारबाबा सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक दाबला, हँडल वळवलं. गाडी त्यांच्या धोतराला घासून गेली. पुढे कसंबसं थांबलो. आता ते शिव्या देतील असं वाटलं. ते म्हणाले, "सावकाश की रे लेकरा." एवढंच बोलून सायकल ढकलत निघून गेले.

मागे बसलेला मित्र म्हणाला, "काळ आला होता लेका, पण वेळ आली नव्हती." आम्ही हसलो. पुढच्या टपरीवर चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी ते विसरलोही.

दोन महिन्यांनी त्याच चौकात एका मुलाच्या गाडीनं आठवडी बाजारातून घरी निघालेल्या एका बाईंना उडवलं. त्या गेल्या. मुलगा सतरा वर्षांचा, क्लासवरून घरी चालला होता. एकटाच होता. हातात फोन नव्हता. समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात सगळं आलं आणि ती क्लिप रात्रीपर्यंत गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरली. मीही पाहिली. एकदा नाही, बऱ्याचदा. दरवेळी मला एकच दिसायचं, तो माझ्यापेक्षा हळू होता.

गावानं त्याला 'खुनी' म्हटलं. मला कुणी काहीच म्हटलं नाही, कारण माझ्या बाबतीत काही घडलंच नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याच्यात आणि माझ्यात नेमका फरक काय?

* * *

सगळ्यात सोपं उत्तर आपल्या भाषेतच तयार आहे. वेळ आली होती. नशीब. अपघात म्हणजे ठरवून न केलेली गोष्ट, मग तिथे दोष कसला द्यायचा? आपण नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो आणि हेल्मेट शोरूमच्या पिशवीतच राहतं. जिथे दोन-तीन माणसं गेली तिथे एखादा शेंदूर फासलेला दगड उभा राहतो आणि येणारा-जाणारा हॉर्न वाजवून नमस्कार करतो. मी या श्रद्धेला हसत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला 'वेळ आली होती' या तीन शब्दांचा आधार लागतो. तो काढून घ्यायचा हक्क कुणाला नाही.

पण ते तीन शब्द बाकीच्या आपण सगळ्यांनी वापरावेत का?

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे तासाला सरासरी एकोणीस. हा लेख तुम्ही वाचून संपवाल तोवर दोन-तीन. गेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचे किंवा थोडे मोठे. हेल्मेट नसलेले ५०,०२९. तीनातले दोन मृत्यू शहरांत नाही, ग्रामीण भागात. निम्म्याहून जास्त अपघात वळणावर किंवा घाटात नाही, सरळ रस्त्यावर. आणि सगळ्यात जास्त अपघात होतात ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात.

नशिबाला वेळापत्रक नसतं. याला आहे.

आमच्या ऊसपट्ट्यात तर हंगामही आहे. गळीत सुरू झालं की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला आणि उसाची मोळी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा ती चार हातांवर असते. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो येतात. दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत कुणीतरी अंधारात ट्रॉलीवर आदळून जातं. जी गोष्ट आधीच माहीत असते, जिचा महिनाही सांगता येतो, तिला अपघात म्हणायचं की आणखी काही?

* * *

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी जवळजवळ माझाच प्रश्न मांडला होता. त्याला त्यांनी नाव दिलं 'मॉरल लक', म्हणजे नैतिक नशीब. आपण समजतो की माणसाला दोष द्यायचा तर त्याच्या हातात असलेल्या गोष्टींसाठी द्यावा. न्याय्य वाटतं ते. पण प्रत्यक्षात आपण तसं करतच नाही. नेगलनं ट्रकवाल्याचं उदाहरण दिलं आहे. त्यानं ब्रेक तपासून घेतले नाहीत, ही त्याची हयगय. समोर मूल आलं नाही तर ती हयगय किरकोळ. मूल आलं आणि दगावलं तर तो जन्मभराचा अपराधी. मूल समोर येणं न येणं मात्र त्याच्या हातात नव्हतं.

त्या चौकात माझ्या हातात जे होतं ते मी त्या मुलापेक्षा वाईट केलं. तिघं होतो, फोन बघत होतो, वेग जास्त होता. हिशेब सोपा आहे. ताशी पन्नासच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास चौदा मीटर जाते. दोन सेकंद फोन पाहिला म्हणजे अठ्ठावीस मीटर मी डोळे मिटून गेलो. आणि चाळीसऐवजी साठचा वेग असेल तर धडकेतली ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोन पट होते. हे मी बारावीला सोडवलेलं गणित आहे. मार्कही पूर्ण मिळाले होते.

मग म्हातारबाबा वाचले याचं श्रेय माझं नाही आणि ते गेले असते तर दोष मात्र माझा असता. हे विचित्र वाटतं, पण मी जितका विचार करतो तितकं एक पटत जातं. चूक मी त्या रात्री केलीच होती. आदळण्याआधीच ती पुरी झाली होती. आदळणं न आदळणं हा फक्त तिचा निकाल होता. आणि आपलं गाव, आपला कायदा, आपले ग्रुप, सगळे फक्त निकालावर बोलतात.

विल्यम्सनं आणखी एक बारीक गोष्ट सांगितली आहे. ज्या चालकाची काहीच चूक नाही आणि तरी त्याच्या गाडीखाली मूल येतं, त्याची आपण समजूत घालतो, 'तुझा काय दोष?' म्हणतो. पण तो लगेच 'बरोबर आहे, माझा काय दोष' म्हणून जेवायला बसला तर आपल्यालाच तो माणूस खटकेल. त्याला काहीतरी वाटायला हवं, बघ्याला वाटतं त्यापेक्षा जास्त, असं आपण धरून चालतो. दोष नसतानाही हात तर आपलाच होता, या जाणिवेला आपण माणुसकी मानतो.

मला त्या रात्री काही वाटलं नव्हतं. मी चहा प्यायलो होतो.

* * *

आता त्या मुलाकडे येऊ. सतरा वर्षांचा, म्हणजे लायसन नाही. गाडी वडिलांनी दिली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. महाभारतात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. लहानपणी किड्यांना गवताची काडी टोचली म्हणून त्यांना मोठेपणी सुळावर चढावं लागलं. तेव्हा त्यांनी थेट धर्मालाच शाप दिला आणि नियम घातला की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या कृत्याला पाप म्हणायचं नाही. वय चौदा की अठरा हा तपशील झाला. अजाणत्याला किती जबाबदार धरायचं हे ठरवताना धर्माचीसुद्धा चूक होऊ शकते, असं सांगायला ती गोष्ट कचरत नाही.

मग वडील दोषी? ते म्हणतात, क्लास चौदा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा, तीही संपानंतर धड सुरू झालेली नाही. पोराला शिकवायचं का घरी बसवायचं? मग एसटी दोषी? चौकात दिवा नव्हता, मग रस्ता करणारे दोषी? वळणाच्या तोंडावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा दहा बाय दहाचा फ्लेक्स होता, त्यामागून येणारी गाडी दिसत नव्हती. मग तो लावणारे? त्यावर फोटो असलेले? रोज तो पाहूनही न बोलणारे आम्ही?

अपघातानंतर रास्ता रोको झाला. तिसऱ्या दिवशी गतिरोधक आला. उंच, आखूड, पांढरे पट्टे नसलेला. त्याच आठवड्यात त्यावरून एक जोडपं घसरून पडलं. आणि ज्या जागी वाढदिवसाचा फ्लेक्स होता, त्याच जागी त्या बाईंचा फोटो असलेला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागला. वळण पुन्हा झाकलं गेलं.

इथे आपण एका खड्ड्यात पडतो. सगळेच दोषी म्हणजे कुणीच नाही. 'सिस्टिमच तशी आहे' म्हटलं की मी मोकळा. 'आजकालची पोरंच तशी' म्हटलं की सिस्टिम मोकळी. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही पळवाटा आहेत.

स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये 'व्हिजन झीरो' नावाचं धोरण स्वीकारलं. त्याच्या मुळाशी एक साधी नैतिक भूमिका आहे. माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये. म्हणून रस्ता असा बांधा, वेग असा ठेवा, की चूक झाली तरी जीव वाचेल. मला हे पटतं. पण याचा अर्थ चुकणाऱ्याला सूट असा नाही. रस्ता बांधणारा चालकाची चूक गृहीत धरून बांधतो. चालकानंही रस्त्याची चूक गृहीत धरून चालवायला हवं, दिवा नसेल, खड्डा असेल, ट्रॉली असेल, म्हातारबाबा असतील.

मला वाटतं आपली गल्लत दोष आणि जबाबदारी हे एकच समजण्यात होते. दोष मागे बघतो आणि जमिनीसारखा वाटला जातो, जितके वाटेकरी तितका तुकडा लहान. जबाबदारी पुढे बघते आणि ती वाटली जात नाही. चार भावांत जमीन वाटता येते, आई वाटता येत नाही. आई आजारी पडली तर 'माझ्या वाट्याला पाव' असं कुणी म्हणत नाही, म्हणालाच तर आपण त्याला भाऊ म्हणत नाही. चौकाचं तसंच आहे. तो मुलगा, त्याचे वडील, अभियंता, फ्लेक्सवाले आणि मी, प्रत्येकाकडे ती अख्खीच्या अख्खी येते.

* * *

मागच्या वर्षी तो मुलगा मला भेटला. क्लास सुटला, आता एका गॅरेजमध्ये काम करतो. गाडी दुरुस्त करतो, चालवत नाही. मी ऑइल बदलायला गेलो होतो. गर्दी नव्हती. का कुणास ठाऊक, मी त्याला माझी ती रात्र सांगितली. तिघं, फोन, म्हातारबाबा, सगळं. त्याला हलकं वाटेल असा माझा अंदाज होता. की स्वतःलाच हलकं करून घ्यायचं होतं, सांगता येत नाही.

त्यानं हात पुसले. म्हणाला, "दादा, मग ते बाबा कोणत्या गावचे?"

मला माहीत नव्हतं.

"परत नाही भेटलात?"

नाही. मी त्यांना कधी शोधलंच नव्हतं. त्याला त्या बाईंचं नाव माहीत आहे, घर माहीत आहे, त्यांच्या मुलीचं लग्न कधी झालं तेही माहीत आहे. तो त्या गल्लीतून जात नाही. मी ज्यांना मारता मारता राहिलो त्यांचा चेहराही मला नीट आठवत नाही. आमच्यातला फरक मला शोधून सापडला तो एवढाच, आणि त्यात मी वरचढ ठरत नाही.

तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स उतरवायला आम्ही दोघं-तिघं गेलो तेव्हा त्या बाईंच्या घरी आधी विचारलं होतं. वळणावरून काढून शेजारच्या भिंतीला लावला. गतिरोधकाला पट्टे मारायचा अर्ज दिला आहे. त्याची पोचपावती माझ्याकडे आहे, पट्टे अजून नाहीत. एका पावसाळी संध्याकाळी आम्हीच चुना टाकला होता, तो आठवडाभर टिकला.

त्या चौकात आता मी गाडी वीसवर आणतो. फोन डिक्कीत असतो. हे नीतीमुळे की भीतीमुळे, मी स्वतःला विचारतो आणि उत्तर येत नाही. पण सायकल ढकलत कुणी म्हातारं माणूस रस्त्यात दिसलं की मी थांबतो, त्यांना पुढे जाऊ देतो आणि चेहरा नीट बघून घेतो. अजून ते बाबा दिसलेले नाहीत.