पडदा जागचा हलत नाही

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात लाइनवर मॉडेल बदललं की फिक्स्चर बदलतं, रोबोटचा प्रोग्राम बदलतो आणि निघालेला पहिला नग तडक क्वालिटीकडे जातो. माप लिहिलं जातं, सही होते, मगच लाइन सुटते. पूर्वी असे बदल क्वचित व्हायचे. लवचीक, स्वयंचलित कारखान्यात ते एकाच पाळीत अनेकदा होऊ शकतात. दर वेळी नगाची काळजी घेतली जाते. शेजारी उभा असलेला माणूस अजून पुरेसा लांब आहे का, हे पुन्हा मोजायची रीत मात्र रुळलेली नाही.

लाइट कर्टनचंच घ्या. न दिसणाऱ्या किरणांचा हा पडदा ओलांडला की यंत्र थांबतं, पण त्याच क्षणी नाही. समजा, थांबायला अर्धा सेकंद लागतो. हिशेबात चालत्या माणसाचा वेग सेकंदाला 1600 मिलिमीटर धरतात. म्हणजे पडदा धोक्यापासून निदान 800 मिलिमीटर लांब हवा. (त्यावर थोडी भर घालावी लागते, ती वेगळी.) उद्या ग्रिपरमध्ये जड नग आला, सायकल टाइम कमी करायला कुणी वेगही वाढवला आणि थांबायला 0.7 सेकंद लागू लागले, तर 1120 मिलिमीटर हवेत. पडदा मात्र बोल्ट मारलेत तिथेच. दिवा हिरवा, फाइलमधलं प्रमाणपत्र शाबूत, आणि फूटभराहून जास्त अंतर कमी.

कोबॉटला, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या ‘कोलॅबोरेटिव्ह’ रोबोटला, तर जाळीच लागत नाही, असं विकताना सांगतात. तो बेताच्या जोराने चालतो, धक्का लागला की थांबतो, हे खरंच आहे. पण त्याच्या हातात धारदार पत्रा दिला तर? हळुवार धरला तरी कोयता कोयताच. रोबोट-सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 10218, 2025मध्ये सुधारलं तेव्हा ‘कोलॅबोरेटिव्ह रोबोट’ ही संज्ञाच त्यातून गेली. विचार करायचा तो रोबोटला नेमून दिलेल्या कामाचा.

आपल्याकडे 1948च्या कारखाने अधिनियमाने धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालायला सांगितलं. त्या काळाला ते शोभणारं होतं. यंत्र एकदा बसवलं की वर्षानुवर्षं तेच काम करणार, हे त्यात गृहीत होतं. पण माणूस कुंपणाच्या आत जातो तो काहीतरी अडकल्यावर. 25 जानेवारी 1979 रोजी मिशिगनमधल्या फोर्डच्या फ्लॅट रॉक कारखान्यात एक 25 वर्षांचा कामगार सुटे भाग आणायला रॅकवर चढला, कारण ते आणणारी यंत्रणा नीट काम देत नव्हती. ती बंदही नव्हती. रोबोटच्या हाताचा तडाखा बसून तो जागीच गेला. आज मॉडेल बदलताना आत वाकतो तो सेटर किंवा मेंटेनन्सवाला, आणि मागे सुपरवायझर घड्याळ बघत उभा असतो.

दर बदलाला सगळी तपासणी नव्याने केली तर लवचीकपणा उरणार कुठे, असं व्यवस्थापक म्हणतील. रास्त आहे. म्हणून जास्तीत जास्त वजन आणि वेग आधीच ठरवून, तपासून सेफ्टी कंट्रोलरमध्ये कुलूपबंद करावेत. त्या मर्यादेत हवे तितके बदल करा. मर्यादा ओलांडायची असेल तर नव्याने मोजा. ती सुपरवायझरच्या पासवर्डने उघडत असेल, तर कुलूप नसल्यातच जमा.

आणि पहिल्या नगाच्या तपासणीपत्रकावर दोन रकाने वाढवा: थांबायला लागणारा वेळ आणि पडद्याचं अंतर. ते रिकामे असतील तर नग कितीही अचूक निघालेला असो, लाइन सोडू नका.