दुसरा पाय पुढे

विंग फॉइलिंगमध्ये हातात हवेने फुगवलेला पंख असतो आणि पायाखालची फळी पाण्यातल्या पात्यावर उचलली जाते. दिशा बदलली की वारा दुसऱ्या अंगाने येतो. म्हणून सहसा पायांची अदलाबदल केली जाते. वेग राखायचा, पंख डोक्यावर धरून पायांवरचा भार हलका करायचा, मागचा पाय पुढच्याजवळ आणायचा आणि लगेच पुढचा मागे न्यायचा. नजर पायांकडे नव्हे, समोर.

गिरणगावातल्या लोअर परळमध्ये रुजलेल्या कबड्डीतही दोन्ही बाजू तयार ठेवण्याची हीच शिस्त आहे. चढाईत एकाच बाजूची सवय बचाव करणारे चटकन ओळखतात. म्हणून दोन्ही बाजूंचा सराव होतो. नवख्या बाजूला आधी तोल जातो. रोजच्या सरावाने तीही अंगवळणी पडते.